घोडाबाय आणि तिच्या बिजलीबाई

घोडाबाय सगळ्या जगाला अरे-तुरे करायची आणि घोडीला अहो-जाहो. नगरसेवक दारात आला तरी "काय रे, मत मागायला आलास का पानी बंद करायला?" असं विचारणारी ही बाई घोडीपुढे उभी राहिली की आवाज एकदम मऊ. "बिजलीबाय, पाय उचला. हां. आता दुसरा उचला. शान्या हाव तुमी." आता म्हणा! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पत्र्याच्या आड कोणी तालेवार सासूबाई बसल्यात आणि त्यांचे पाय चेपणं चाललंय. डोकावून बघते तर पांढरीशुभ्र घोडी, आणि तिच्या खुरात अडकलेला खडा काढणारी, गुडघ्यावर लुगडं आवळलेली ही काटकुळी बाई.

"घोडीला अहो कशाला गं?" मी विचारलं. तिनं मान वर न करताच उत्तर दिलं, "मानसाला मान दिला का तो डोक्यावर बसतो. हिला दिला का ही पाठीवर बसवते." मी अंडी घेतली आणि घरी आले.

घणसोली गावात हिराबाई कुठं राहते म्हणून विचारलं असतंत तर कोणी धड पत्ता सांगितला नसता. घोडाबाय म्हटलं की दहा बोटं एका दिशेला. गावठाणाची दाटीवाटीची घरं संपतात तिथं, खाडीच्या बाजूला, तिची वाडी होती. वाडी म्हणजे काय, पूर्वीच्या भातशेतातला उरलेला तुकडा. एक भेंडीचं झाड, एक शेवगा, घोडीसाठी पत्र्याची शेड, कोंबड्यांचं खुराडं आणि पाण्याची टाकी. तिन्ही बाजूंनी टॉवर. त्यातल्याच एका टॉवरमध्ये आमचा फ्लॅट. लग्न होऊन मी साताऱ्याकडून इथं आले, ऐरोलीच्या एका ऑफिसात नोकरीला लागले, आणि सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघितलं की ही बाई दिसायची. सासूबाईंना गावठी अंडी लागायची, ते निमित्त. नाव विचारायच्या भानगडीत ती पडली नाही. शेवटपर्यंत मी तिची "फ्लॅटवाली"च.

तिला जाऊन आता दोन पावसाळे झाले. आणि परवा मी ऐकलं, दुकानात दोघी बोलत होत्या की पोरानं म्हातारीची घोडी विकली आणि म्हातारीनं हाय खाल्ली. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी तिथं होते. घोडी कुठं गेली, कशी गेली, सगळं मी या डोळ्यांनी बघितलंय. म्हणून हे लिहायला बसले.

तर आधी कोंबड्या. कोंबड्यांना तिनं कधी नावं ठेवली नाहीत. "जिला खायाची तिला नाव देव नये," असा तिचा कायदा. पण ओळखायची एकेकीला. कुठली खुडूक बसलीय, कुठली चोरून शेवग्याखाली अंडी घालते, कुठलीला मुंगसानं एकदा धरून सोडलंय, सगळं तोंडपाठ. अंडी मागितली तितकी कधी द्यायची नाही. मी एकदा जास्तच हट्ट धरला तर म्हणाली, "सगली तूच खाल्लीस तर कोंबरीच्या पोटाखाली काय ठेवू, तुजा मोबाईल?" आणि खुडूक कोंबडीला पंखाखालून अशी अलगद उचलायची की कोंबडीला कळायच्या आत हात बाहेर.

कुत्री तीन. दोन येऊन-जाऊन असायची, तिसरा कायमचा, हवालदार. रंगानं खाकी म्हणून हवालदार. हा घारीवर भुंकायचा, कोंबड्यांची राखण करायचा आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची पँट ओळखून होता. सेक्रेटरी तक्रार घेऊन आले, की तुमचं कुत्रं अंगावर येतं. घोडाबायनं त्यांना बसायला बाजलं दिलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "तू शिट्टी फुकत येतंस. त्याला वाटतं, आपल्याहून मोठा सायेब आला. नको फुकू." सेक्रेटरींनी शिट्टी बंद केली आणि हवालदार खरंच गप्प झाला. सोसायटीच्या मिटिंगला हे कळल्यावर आम्ही किती हसलो!

बिजली लग्नाची घोडी. घोडाबायच्या नवऱ्यानं शिंगरू असताना आणलेली. तो गेला, लोक म्हणाले, आता काढून टाक. हिनं लगाम स्वतःच्या हातात घेतला. बाईमाणूस वरातीपुढे घोडी धरून चालतेय म्हटल्यावर सुरुवातीला गाव हसलं असेल, पण नंतर तिच्याशिवाय गावात नवरा चढेना. तिचा एक नियम होता. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं स्वतः वाडीत यायचं आणि घोडीला हातानं गूळ-चणे भरवायचे. घोडीनं खाल्लं तर उद्या वरात, नाहीतर दुसरीकडे बघा. आईनं भरवलेलं चालायचं नाही, मामानं भरवलेलं चालायचं नाही.

माझ्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा मी त्याला घेऊन गेले. हा ऐरोलीच्या आयटी पार्कातला, गळ्यात ओळखपत्राची दोरी तशीच. हात लांबवून, मान मागं नेऊन, डोळे मिटून उभा. बिजलीनं वास घेतला, जोरात शिंकली आणि तोंड फिरवलं. घोडाबाय त्याच्याजवळ गेली, तिनंही वास घेतला. "अंगाला काय फवारलंस रे? मच्छर मरतील. घरा जा, आंघोल कर, नुसत्या अंगानं ये." तो बिचारा निमूटपणे घरी गेला, आंघोळ करून आला. तेव्हा कुठं बिजलीबाईंनी गूळ घेतला. घोडाबाय त्याला म्हणाली, "बायकोपुढं पन असाच जा. नुसता तू." दीर अजून ते सांगतो, बायकोसमोरच सांगतो.

दुसऱ्या दिवशी जे झालं त्यात मात्र चूक आमचीच. गावठाणात रीत अशी, की वरात दारावरून निघाली की घरची बाई बाहेर येते, घोडीच्या पायावर तांब्याभर पाणी घालते आणि तोंडात गुळाचा खडा देते. त्यामुळे बिजलीला दार दिसलं की थांबायची सवय. हे आम्हा फ्लॅटवाल्यांना काय माहीत! आम्ही वरातीचा रस्ता काढला बाजारपेठेतून, म्हणजे शेजारच्यांनी बघावं. बिजली पहिल्याच मेडिकलपुढे थांबली. हलेचना. मग मोबाईलवाल्यापुढे. मग एटीएमच्या दारात अशी उभी राहिली की आतला माणूस बाहेर येईना. हॉलवर नवरीचा मामा घड्याळ बघतोय, फोनवर फोन, बँडवाले तेच तेच गाणं परत वाजवतायत. मी घोडाबायला म्हटलं, "बाय, ओढ ना तिला!" तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "मी नाय ओढनार. दारावरून उपाशी नेली तर त्यांचा अपमान व्हतो." शेवटी सासूबाईंनी पदर खोचला, किराणावाल्याकडून गुळाची अख्खी ढेप उचलली आणि प्रत्येक दुकानापुढे स्वतः बिजलीला एकेक खडा देत चालल्या. मुहूर्त गाठला, पण कसा ते आमचं आम्हाला ठाऊक. त्या दिवसापासून सासूबाई आणि घोडाबाय यांची मैत्री झाली.

पुढं बिजली थकली. डीजेच्या भिंती आल्या, त्यांच्या दणक्यानं तिचं अंग थरथरायचं, म्हणून घोडाबायनं वराती बंदच केल्या. मग एकदा बिजली पाण्याच्या टाकीला धडकली. दुसऱ्या दिवशी एक कोंबडी तिच्या पायाखाली आली. जनावरांचा डॉक्टर आला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाला, वयाचं आहे, आता दिसायचं नाही.

त्या दिवसापासून घोडाबाय दिवसभर बोलायला लागली. तशी आधीही गप्प नव्हतीच, पण आता अखंड. "बिजलीबाय, मी खुराडा उघारते. कोंबऱ्या येतील, घाबरू नका." "बिजलीबाय, हवालदार तुमच्या डाव्या अंगाला झोपलाय." "ही फ्लॅटवाली आली, काय नाय, अंडी मागायला आली." तिचा आवाज चालू असला की बिजली एक पाय ढिला सोडून निवांत उभी. आवाज थांबला की कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, जागच्या जागी गोल फिरायची. घोडाबाय बाजारात गेली तर शेजारणीला येऊन शेडपाशी बोलत बसावं लागायचं. "काय बोलू?" शेजारीण विचारायची. "सासूची गाऱ्हानी सांग, तुजी कंदी संपायची नायत."

आणि नेमकी तेव्हाच वाडीवर इमारत बांधायची बोलणी आली. भाऊबंदांनी होकार दिला. राहिली फक्त घोडाबाय. तिचा मुलगा हरेश, पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात कामाला, गरीब स्वभावाचा माणूस. गावठाणात एका खोलीत तो, बायको आणि दोन वाढलेल्या मुली. तो आईला एवढंच म्हणाला, "आये, पोरींना कपरे बदलायला आरोसा नाय." बस. पुन्हा विषय काढला नाही. घोडाबायनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी शेवग्याच्या शेंगा निवडत बसले होते. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "मी जाईन धाव्या माल्यावर. लिफ्टमदी पन उभी राहीन. ह्या कुटं जातील गं?"

तिला एवढीच काळजी होती, की आंधळी, म्हातारी घोडी आपल्या आवाजाबाहेर गेली तर उपाशी मरेल. गिऱ्हाइकं तशी आली. एकाला चौपाटीवर गाडी ओढायला हवी होती, एकाला रिसॉर्टवर मुलांचे फोटो काढायला. "आंधल्या बाईला गर्दीत उभी करू?" म्हणत तिनं खराटा उचलला आणि हवालदारानं बाकीचं काम केलं.

मग एक दिवस हुसेनभाई आले. श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राच्या काठाला त्यांची नारळ-सुपारीची वाडी. पूर्वी टांगे होते. बिजली जन्मली ती त्यांच्याच तबेल्यात. घोडाबायच्या नवऱ्याचे ते जुने दोस्त. पांढरी दाढी, स्वच्छ लुंगी-सदरा. बाजल्यावर बसून चहा प्यायले, बिजलीच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बहिनी, ही आमच्या घरची लेक. लेक म्हातारपनी माहेरी आली तर नको कोन म्हनतं?" घोडाबाय दिवसभर कोणाशी बोलली नाही, फक्त बिजलीशी बोलली. संध्याकाळी हरेशला म्हणाली, "टेम्पो बोलव. पन सोरायला मी जानार. चार दिस रहानार. त्या खायला लागल्या का परत."

कोंबड्या नात्यात वाटल्या. दोन कुत्री बिल्डरनं जागेवर बसवलेल्या वॉचमनकडे राहिली. हवालदार कोणी न विचारता टेम्पोत चढून बसला. बिजली फळीवर पाय ठेवेना, तेव्हा घोडाबाय आधी आत गेली आणि आतून बोलत राहिली. बोलत बोलतच टेम्पो गेला. मी खिडकीतून बघत होते. खालची वाडी एकदम मुकी झाली आणि मला स्वयंपाकघरात रडूच आलं.

चार दिवसांचे महिने झाले. गणपतीला येते म्हणाली, दिवाळी गेली. हुसेनभाईंच्या सुनेच्या फोनवरून बोलायची, "अजून घास धरीत नाय रे. मी हलले का उपास करतात. थोरे दिस जाऊ दे." हरेश ऐकून घ्यायचा. इकडे त्याच्या थोरलीचा साखरपुडा ठरला आणि आजीशिवाय होणार नाही म्हणून पोरगी अडून बसली. हरेश माझ्याकडे आला. "तू चल वैनी. माजा ती ऐकायची नाय." आम्ही गाडी करून गेलो.

पोचलो तेव्हा घोडाबाय विहिरीवर गेली होती. माडांच्या सावलीत बिजली उभी. अंग कसं तकाकलेलं! ओळखू येईना. हुसेनभाईंची सून, रेहाना, तिला ओंजळीनं चणे भरवत होती आणि बिजली तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून मजेत चावत होती. पायाशी हवालदार.

"खाते ना हो आता?" मी विचारलं.

"आता?" रेहाना हसली. "आल्यावर पहिला आठवडा रुसली होती. त्यानंतर माझ्या हातचं खाते. म्हातारी नसली तरी खाते."

हरेश माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. तेवढ्यात डोक्यावर हंडा घेऊन घोडाबाय आली. आम्हाला बघितलं, रेहानाची ओंजळ बघितली, हंडा उतरवला आणि तिथंच पायरीवर बसली.

"बगलास ना?" ती हरेशला म्हणाली. "खोटा बोलले मी. त्या रुलल्या. मीच नाय रुलले. रोज वाटायचा, उद्या निंगते. मंग सकाली त्या माजा आवाज ऐकून कान वलवायच्या." मग माझा हात धरला. तिचा हात थंडगार, विहिरीच्या पाण्यानं ओला. "त्यांनी दुसरीच्या हातचा खावा म्हनून मी इथं आले गं. आनि खाल्ला त्या दिवशी मी त्या माडाआड जाऊन रडले. असा कसा माजा मन?"

मी तिला जवळ घेतलं. हरेश रागावला नाही. तो आईच्या पायांकडे बघत म्हणाला, "आये, नको येव. तुला इथं बरा वाटतं तर रहा." खरं सांगते, त्यानं ओढून नेलं असतं तर ती भांडून राहिली असती. पण तो असं म्हणाला आणि ती उठली. लुगड्याला हात पुसले. "नाय. नात उभी रहाते पाटावर. चल."

जेवणं झाली. निघताना रेहाना म्हणाली, "मावशी, बिजलीला भेटून घ्या." घोडाबायनं मान हलवली. "नाय बाय. सांगून गेले तर त्या वाट बगतील. आंधल्याला वाट बगायला लावू नये. गप गेले तर त्यांना वाटंल, म्हातारी हाय हितंच कुटं तरी."

फाटकाकडे जायची वाट बिजलीच्या अगदी जवळून होती. घोडाबायनं चपला काढून हातात घेतल्या. पदराचा बोळा करून तोंडात धरला. ज्या बाईला मी एवढ्या वर्षांत श्वास घेण्याइतकंही गप्प बघितलं नव्हतं, ती वाळूतून अशी चालली की पाऊल वाजू नये. आम्ही मागं, श्वास धरून. बिजलीनं एकदम मान वर केली. दोन्ही कान आमच्याकडे वळले. नाकातून तो हलका आवाज काढला, सकाळी खुराड्याचं दार वाजलं की काढायची तो. घोडाबाय थांबली. तिचा हात वर गेला, घोडीच्या नाकापासून वीतभर. मला वाटलं, संपलं, आता ही काही येत नाही. हवालदार उठून उभा राहिला. घोडाबायनं तोच हात वळवून त्याला खूण केली, बस. आणि चालायला लागली. मागून रेहानानं मोठमोठ्यानं बिजलीशी बोलायला सुरुवात केली, काय बोलत होती ते तिचं तिलाही कळत नसेल. रडतच बोलत होती बिचारी.

गाडीत घोडाबाय मागं माझ्याशेजारी बसली. पदर तोंडातच. वाडी मागं पडली, समुद्र मागं पडला, घाट चढून उतरलो. मी दोनदा पाण्याची बाटली पुढं केली, तिनं घेतली नाही. हरेश ड्रायव्हरशेजारी बसून आरशातून बघत होता आणि डोळे पुसत होता. पार माणगावच्या पुढं, ट्रकांच्या गर्दीत, तिनं पदर तोंडातून काढला आणि अगदी हळू मला विचारलं,

"फ्लॅटवाले, आता बोलले तर चालंल ना गं?"

"बोल गं बाय, बोल," मी म्हटलं.

तिनं तोंड उघडलं. आणि घणसोली येईपर्यंत तिच्या तोंडून एक शब्द फुटला नाही.